साथ शाळेत कोणत्या वाटेने शिरते?

दुपारची घंटा होते, खिचडीचा वास येतो आणि दोनशे मुलं तीन नळांकडे धावतात. ओले करणं, साबण लावणं, चोळणं, खळबळून धुणं हे सगळं नीट केलं तर एका मुलाला ४५ सेकंद तरी लागतात. तीन नळ आणि दोनशे मुलं म्हणजे ६७ फेऱ्या, म्हणजे ५० मिनिटं. तेवढी तर अख्खी सुट्टीही नसते. मग पुढची दहा-बारा मुलं नीट हात धुतात, मधली नुसते नळाखाली हात धरून काढतात आणि शेवटची चड्डीला हात पुसून पंगतीत बसतात. त्याच मुलांनी सकाळी परिपाठाला 'जेवणाआधी हात धुवावेत' असं एका सुरात म्हटलेलं असतं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांची पाळीच आली नाही.

शाळेतलं आरोग्यशिक्षण फसतं ते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. रोगांची नावं पाठ होतात, तक्ते भिंतीला लागतात, पण जंतू कोणत्या वाटेने आला आणि ती वाट नेमकी कुठे तोडायची, हे मुलांना कुणी दाखवत नाही. खरं तर लक्षात ठेवायच्या वाटा मोजक्याच आहेत. जुलाब, कावीळ, विषमज्वर आणि जंत तोंडावाटे येतात. गोवर, फ्लू, गालगुंड, क्षयरोग यांची वाट श्वासाची किंवा थुंकीच्या तुषारांची. कांजिण्या हवेतूनही येतात आणि फोडांतल्या पाण्यातूनही. खरूज, नायटा, डोळे येणं हे स्पर्शाने पसरतं. डेंगी आणि हिवताप डास आणतो. रेबीज चाव्यातून येतो. वाट ओळखली की उपाय आपोआप कळतो, आणि कोणता उपाय फुकट जाणार तेही कळतं. फरशीवर कितीही फिनाईल ओतलं तरी गोवर थांबत नाही, तो हवेतून येतो. मास्क लावून कावीळ टळत नाही, ती पाण्यातून येते.

हात: साबण नेमकं काय करतो

हाताच्या त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो आणि जंतू त्यात चिकटून बसतात. नुसतं पाणी तेलावरून घरंगळून जातं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. त्यामुळे तेलाचा थर सुटतो आणि त्यासोबत जंतू वाहून जातात. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. काविळीच्या 'अ' विषाणूला (हिपॅटायटिस ए) मात्र असं आवरण नाही. साबणाने तो मरत नाही, फक्त सुटतो. म्हणून त्याला चोळून सोडवावं लागतं आणि वाहत्या पाण्याने घालवावं लागतं. सॅनिटायझर अशा विषाणूंवर कमी पडतो, शिवाय मातीने भरलेल्या हातावर तो नीट कामच करत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबण-पाणीच हवं.

हे पहिलीच्या मुलाला सांगून पटत नाही, दाखवून पटतं. अर्धा चमचा गोडेतेलात चिमूटभर कोळशाची वस्त्रगाळ पूड कालवा आणि दोन मुलांच्या तळहातांना चोळायला द्या. एकाला नुसत्या पाण्याने २० सेकंद धुवायला सांगा, दुसऱ्याला साबणाने तेवढाच वेळ. मग दोघांचे हात वर्गभर फिरवून दाखवा. पाण्याने धुतलेला हात काळाच राहतो. पण खरी गंमत साबणाच्या हातात आहे. तळवा स्वच्छ, आणि अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला काळ्या रेषा तशाच. रोज आपलं काय राहून जातं ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. या प्रयोगाला हळद घेऊ नका. ती साबणाने लाल होते आणि मुलं हात धुण्यापेक्षा त्या रंगातच रमतात.

आता पुन्हा नळांचा हिशेब. भिंतीला आडवा पीव्हीसी पाइप लावून त्यावर दहा तोट्या बसवल्या तर दोनशे मुलांच्या वीस फेऱ्या होतात आणि १५ मिनिटांत सगळ्यांचे हात धुऊन होतात. पाइप पहिलीच्या मुलाच्या कोपराच्या उंचीला घ्यावा. मोठी मुलं वाकतील, पण लहान मुलांना उंच नळ उघडताच येत नाही. तोटी बारीक सोडली तर एका मुलाला अर्धा लिटर पाणी पुरतं, म्हणजे दोनशे मुलांना १०० लिटर. दहा तोट्या शक्य नसतील तर घंटा वर्गावार द्या. पहिली-दुसरी दहा मिनिटं आधी सुटली तरी गर्दी बरीच फुटते. एक पैसाही न लागणारा हा बदल वेळापत्रकात करता येतो आणि माझ्या मते पाच भाषणांपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

साबणाची वडी दोन कारणांनी टिकत नाही. ती पाण्यात बसून गळते किंवा कुणाच्या तरी खिशात जाते. जुन्या पायमोज्यात किंवा नायलॉनच्या जाळीत घालून ती नळाला बांधली की दोन्ही प्रश्न सुटतात. दुसरा मार्ग साबणपाण्याचा. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडा आणि बाटली नळाशेजारी टांगा. बाटली दाबली की हातावर पुरेल एवढी धार येते. धुतलेले हात मळक्या शर्टाला पुसले की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हात झटकून हवेवर वाळू द्यावेत.

जी मुलांची, तीच गोष्ट आहार शिजवणाऱ्या ताईंची आणि वाढणाऱ्यांची. ज्यांना जुलाब झाले असतील त्यांनी जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत स्वयंपाकघरात येऊ नये. त्या दोन दिवसांची मजुरी कापली गेली तर त्या दुखणं लपवून कामावर येतील. त्यामुळे बदली माणसाची सोय आधीच ठरलेली हवी.

पाणी: टीसीएल टाकली म्हणजे झालं असं नाही

शाळेच्या टाकीतलं पाणी वरून कितीही स्वच्छ दिसलं तरी काविळीचा विषाणू त्यात दिसत नाही. गावात टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर इथे कामाची. चांगल्या, ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं आणि हजार लिटर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. पण पाणी गढूळ असलं किंवा पावडर जुनी असली तर हा आकडा कोलमडतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडून जातं आणि मागे उरतो तो जवळपास नुसता चुना. वास येत नसलेली, गोळे झालेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी.

टाकायची रीतही आहे. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून आधी पातळ लापशीसारखी करायची, मग बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवायची. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही. पावडर थेट टाकीत फेकली तर ती तळाला बसते, वरच्या पाण्याला क्लोरीन मिळत नाही आणि तळाच्या पाण्याला भयंकर वास येतो. मग मुलं ते पीत नाहीत आणि ओढ्याकाठच्या हापशावर जातात. ओतल्यानंतर एक तास ते पाणी वापरायचं नाही, जंतू मारायला क्लोरीनला तेवढा अवधी लागतो.

तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी. काचेच्या नळीत पाणी घेऊन दर मिलीलिटरला ०.१ मिलीलिटर ऑर्थोटोलिडिन टाकतात. मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं क्लोरीन, असेल तर दहा सेकंदांत पिवळा रंग येतो, तो सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. लिटरला ०.५ मिलीग्रॅम असेल तर उत्तम, ०.२ च्या खाली गेलं तर पाणी पुन्हा शुद्ध करायला हवं. रंग लगेच न येता पंधरा-वीस मिनिटांनी आला तर तो मुक्त क्लोरीनचा नव्हे, आणि त्यावर विसंबता येत नाही. ही टेस्ट टाकीजवळ नव्हे, मुलं पितात त्या शेवटच्या नळाला करावी. मधे पाइप फुटून गटारातून गेलेला असेल तर तिथेच कळतं. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि उपकेंद्रातले आरोग्यसेवक ही टेस्ट करतात. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांच्या शेजारी उभं करावं आणि आकडा शाळेच्या फळ्यावर लिहायला लावावा. विज्ञानाचा एक तास त्यात सहज होतो.

सगळं करून रांजणात पेला बुडवला की पेल्यासोबत बोटंही बुडतात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचं पिंप घ्या. ओगराळं खुंटीला टांगलेलं हवं, रांजणाच्या झाकणावर ठेवलेलं नको.

काविळीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. शाळेत एकाचे डोळे पिवळे झाले की सगळे त्याच्यापासून लांब बसतात. पण 'अ' काविळीत विषाणू विष्ठेतून सर्वांत जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. आणि जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी २८ दिवस जातात. म्हणजे आज जे मूल पिवळं दिसतंय त्याने दूषित पाणी साधारण महिन्यापूर्वी प्यायलं. चौकशी करायची ती महिन्यापूर्वीची. पाइप कधी फुटला होता, टँकर कधी आला होता, सहलीला मुलं कुठे पाणी प्यायली होती.

जंतही तोंडावाटेच येतात, पण मातीतून. गोल जंताची अंडी उघड्यावरच्या विष्ठेतून मातीत जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी संसर्ग करण्याइतकी पक्व होतात. त्या मातीचे हात तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी मात्र अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, म्हणून त्याला हात धुणं पुरत नाही, पायात चप्पल लागते. शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याचसाठी. दोन वर्षांपुढच्या मुलाला ४०० मिलीग्रॅमची एक पूर्ण गोळी, शिक्षकांसमोर चावून खायची. खिशात घालून घरी न्यायला देऊ नये. आजारी असलेल्या मुलाला त्या दिवशी देऊ नये. पोटात जंत जास्त असतील तर थोडं मळमळतं, पोट दुखतं, बसवून पाणी द्यावं. गोळी पोटातले जंत काढते, अंगणातली अंडी नाही. म्हणून सहा महिन्यांनी ती पुन्हा द्यावी लागते.

हवा: इथे लस आणि खिडकी

गोवर हा हवेतल्या रोगांचा बाप आहे. लस न घेतलेल्यांच्या गर्दीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. त्याहून अवघड म्हणजे पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवत असतं, तेव्हा दिसतो नुसता ताप, सर्दी, लाल डोळे. पुरळ पाहून मूल घरी पाठवेपर्यंत बाकावरच्या शेजाऱ्याला तो लागलेला असतो. म्हणून इथे वाट तोडायची ती आधीच, लसीने. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराने डोकं वर काढलं, तेव्हाही लस राहून गेलेल्या मुलांचा प्रश्न पुढे आला होता.

पहिलीच्या प्रवेशावेळी जन्मदाखल्यासोबत लसीकरणाचं कार्ड मागा आणि त्यात तीन गोष्टी पाहा. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, ५-६ वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, आणि पुढे १० व १६ व्या वर्षीचा टीडी (धनुर्वात, घटसर्प). बूस्टर बरेचदा राहतो, कारण बाळाची अंगणवाडीची फेरी संपलेली असते. घटसर्प आणि डांग्या खोकल्याविरुद्धची लहानपणीची ताकद वर्षांनुवर्षं टिकत नाही, म्हणून तो लागतो. कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. मुलाचं नाव आशाताईंना द्यायचं, पुढची तारीख त्या लावतात. गालगुंडाची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे ती साथ अधूनमधून येतच राहते.

गावाकडे कांजिण्यांना 'देवी आल्या', 'बाया आल्या' म्हणतात. घरच्यांच्या श्रद्धेला हात लावू नका. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवल्याने काही बिघडत नाही. पण दोन गोष्टी ठामपणे सांगा. ताप आला म्हणून ॲस्पिरिन द्यायची नाही, आणि मूल धापा टाकत असेल, सुस्तावलं असेल किंवा फोडांत पू झाला असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

बाकी हवेच्या रोगांना समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं आणि कोपरात खोकणं. तळहातात खोकलं की तोच हात पेन्सिलीला, बाकाला, मित्राच्या डब्याला लागतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

स्पर्श आणि डास

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची मोठी साथ आली. एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये ती झपाट्याने पसरली. तेव्हा काळ्या चष्म्यांचा खप वाढला, पण डोळे पाहून डोळे येत नाहीत. जंतू हातावरून, टॉवेलवरून, उशीवरून जातो. चष्म्याने दुखऱ्या डोळ्याला उजेड कमी लागतो इतकंच. डोळा चोळू नये आणि टॉवेल वेगळा हवा.

खरजेत चूक होते ती एकट्या मुलाला औषध देण्यात. परमेथ्रिनचं मलम घरातल्या, किंवा आश्रमशाळेत खोलीतल्या, सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांच्या बेचक्या, बेंबी, जांघा सुटता कामा नयेत. ८ ते १४ तासांनी आंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा. त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात. धुता न येणारी गोधडी पिशवीत आवळून चार दिवस बाजूला ठेवली तरी त्यातले किडे मरतात. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम फासणं चूक. उवांसाठी मुलीला घरी पाठवू नका, वर्गात केसांवरून बोलू तर अजिबात नका. उवा डोक्याला डोकं लागून जातात, स्वच्छ केसांतही होतात. रॉकेल लावणं धोक्याचं आहे, त्याने टाळू भाजते.

डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेतच. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत ७ ते १० दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचा दिवस, आठवड्यातून एकदा. पण टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात. घासणीने कडा घासाव्याच लागतात. गणपती-दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असताना कुंड्यांच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर भरून राहतात. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक फेरी मारावी.

चावा लपवला जातो

कुत्रा चावल्याचं मूल घरी सांगत नाही, कारण 'कशाला गेला होतास तिकडे' म्हणून मार बसेल. रेबीज एकदा सुरू झाला की जवळपास कुणीच वाचत नाही, त्यामुळे मुलांना एवढं पक्कं सांगा: चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर आधी सांगायचं, कुणी रागावणार नाही. मग जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लशीच्या सगळ्या तारखा पुऱ्या कराव्या लागतात, जखम खोल असेल तर वेगळं इंजेक्शन जखमेतच देतात.

घरी किती दिवस?

जुलाब थांबून ४८ तास. फ्लूमध्ये औषधाशिवाय ताप नसण्याचे २४ तास. गोवर, पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालगुंड, सूज आल्यापासून पाच दिवस. कांजिण्या, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. 'अ' कावीळ, डोळे पिवळे झाल्यापासून आठवडा. खरूज, पहिलं मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी यायला हरकत नाही. डेंगी शेजारच्या बाकावर जात नाही, अंगात ताकद आली की यावं.

हे पाळलं जावं असं वाटत असेल तर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्या बक्षिसासाठी तापातली मुलं शाळेत येतात आणि पालकही पाठवतात.

हजेरीपटाशेजारी एक वही ठेवा, पाच रकान्यांची: नाव, वर्ग, तक्रार, कधीपासून, परत आल्याची तारीख. शाळेच्या मंत्रिमंडळातला आरोग्यमंत्री ती रोज भरू शकतो, गैरहजर मुलाच्या शेजाऱ्याला विचारून. एका वर्गातली तीन मुलं एकाच आठवड्यात एकाच तक्रारीने घरी असतील तर वाट पाहू नका, त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा आणि वहीतलं पान समोर ठेवून बोला. तारखा हाताशी असल्या की डॉक्टरांना मागे जाता येतं: पहिलं मूल कोणतं, ते कोणत्या नळाचं पाणी पीत होतं, कुणाशेजारी बसत होतं.